आपल्या घराण्याची नोंद : ती कोठें व कशी शोधावी

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त सोलापूर येथें भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं व्याख्यानास विद्वान मनुष्य बोलवावा, असा रिवाज आहे. तो मोडून आपण शाळेच्या कचेरींत दाखले लिहिण्यांत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या कारकुनास येथें उभें केलें, ह्याबद्दल मी आपला ऋणी आहें. मजजवळ विद्वत्ता नाहीं. मजजवळ एक चूक मात्र आहे, आणि ती दुसऱ्या कोणी करूं नये एवढ्याचसाठीं मीं बोलण्याचें पत्करिलें.

आमच्या आजीची एक पत्र्याची पेटी माळ्यावर असे. तींत तिची लग्नांतली साडी, जपमाळ आणि एका फडक्यांत बांधलेले चार-सहा कागद होते. त्यांतील एक लहानशी चिठ्ठी मोडी लिपींत होती. आजी म्हणे, "ही माझ्या सासऱ्यांच्या गळ्यांतल्या पिशवींतली. लहानपणीं ते मिशनांत आले, तेव्हां त्यांच्याजवळ एवढीच वस्तु होती." ती चिठ्ठी आम्हांपैकीं कोणासच वाचतां येत नसे, आणि वाचतां येत नाहीं म्हणून तिची किंमतहि कोणास नव्हती. आजी वारल्यावर एका नाताळापूर्वी घरास रंग द्यावयाचा निघाला. माळा रिकामा करतांना तें फडकें मीं माझ्या हातानें रद्दीच्या तराजूंत टाकलें. पुढें वीस वर्षांनीं माझ्या पुतणीनें मला विचारलें, "काका, आपण मूळचे कुठले?" तेव्हां मला त्या चिठ्ठीची आठवण झाली. उत्तर त्या चिठ्ठींत होतें कीं नव्हतें, हें आतां ह्या जन्मीं कळावयाचें नाहीं.

त्या प्रश्नाच्या मागें लागून मी जीं दफ्तरें व वाचनालयें हिंडलों, त्यांची वाट आज आपणांस दाखवावी, असा माझा हेतु आहे.

घराण्याचा इतिहास म्हणजे सरदार-जहागीरदारांचें काम, असें पुष्कळांस वाटतें. मराठींत कुलवृत्तान्तांचे जाडजूड ग्रंथ आहेत. ते बहुधा ज्यांच्याजवळ सनदा व वतनें होतीं त्यांचे. पण ज्याच्याजवळ सनद नव्हती त्याचें नांव कोठेंच लिहिलेलें नाहीं, असें मात्र नव्हे. कर घेणाऱ्यानें, शाळा चालविणाऱ्यानें, पगार देणाऱ्यानें आणि बाप्तिस्मा देणाऱ्यानें तें लिहिलेलें असतें. तें कोणत्या वहींत लिहिलें, एवढेंच आपणांस शोधावयाचें असतें.

शोधाचा आरंभ घरापासून करावा. घरांतील सर्वांत वृद्ध मनुष्याजवळ आजच जाऊन बसावें. उद्यांवर ढकलूं नये. "आपलें घराणें कसें होतें?" असा मोठा प्रश्न विचारल्यास ओसरतें उत्तर मिळतें. "तुझ्या लग्नांत कोण कोण आलें होतें?", "सुट्टींत कोणत्या गांवीं जात होतां?", "आजोबांस कोठें पुरलें?" असे लहान प्रश्न विचारावे, म्हणजे माणसें आपोआप चालत येतात. जें ऐकाल तें तारखेसह लिहून ठेवावें, व कोणी सांगितलें तेंहि लिहावें. मग प्रार्थनापुस्तकाचें कोरें पान, मयताच्या स्मरणार्थ छापलेलीं चित्रें, छायाचित्रांच्या पाठी, जुनें शिधापत्रक आणि दफनभूमींतील शिळा, हें सर्व पाहावें. कागद पाहिल्यावांचून टाकूं नये, आणि वाचतां येत नाहीं म्हणून तर मुळींच टाकूं नये.

दुसरें पाऊल आपल्याच ख्रिस्तमंदिरांत टाकावयाचें. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं असा नियम केला कीं, धर्मगुरूनें विवाहाची वही ठेवून तींत वधूवरांचीं व साक्षीदारांचीं नांवें, दिवस व स्थळ लिहावें, आणि बाप्तिस्म्याच्या वहींत धर्ममातापित्यांचीं नांवें लिहावीं. १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथानें बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यु आणि धर्मग्रामांतील कुटुंबांची स्थिति अशा पांच वह्या सांगितल्या. आजची १९८३ सालची धर्मसंहिताहि बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु ह्यांच्या वह्या प्रत्येक धर्मग्रामांत असाव्या व जुन्या वह्या काळजीपूर्वक जतन कराव्या, अशी आज्ञा करिते.

ह्या वह्यांत एक मोठी सोय आहे, ती पुष्कळांस ठाऊक नसते. मनुष्याचें लग्न कोठेंहि झालें तरी त्याची खबर जेथें बाप्तिस्मा झाला त्या धर्मग्रामास कळवून तेथील नोंदीच्या समासांत लिहावयाची असते. म्हणून बाप्तिस्म्याची नोंद हातीं लागली, तर समास अवश्य वाचावा. मनुष्य पुढें कोणत्या गांवीं गेला, तें तो सांगतो. उलट, विवाहाची नोंद सांपडली तर वधूवरांचा बाप्तिस्मा कोठें झाला होता, तें तींत असतें. अशा रीतीनें एका वहीचें बोट धरून दुसऱ्या वहीपर्यंत जातां येतें. एकादी वही वाळवीनें खाल्ली असल्यासहि निराश होऊं नये. १९१७ सालच्या संहितेप्रमाणें धर्मग्रामाच्या वह्यांची अस्सल नक्कल दर वर्षाअखेर बिशपांच्या कचेरीकडे पाठवावयाची असे. पुणें धर्मप्रांताची स्थापना १८८६ सालीं झाली व सोलापूर त्यांतच मोडतें. तेव्हां पुण्यासहि नम्रपणें विचारून पाहावें.

ह्या वह्या वाचतांना दोन अडचणी येतात. पहिली भाषेची. जुन्या नोंदी बहुधा लॅटिनमध्यें असत. तेथें योहान हा 'जोआन्नेस' होतो, याकोब 'जाकोबुस' होतो. 'फिलियुस' म्हणजे मुलगा, 'फिलिया' म्हणजे मुलगी, 'पात्रिनुस' म्हणजे धर्मपिता. असे वीस-पंचवीस शब्द पाठ केले कीं काम भागतें. दुसरी अडचण कानाची. पुण्याच्या मिशनांत पहिल्या महायुद्धापर्यंत जर्मन जेज्वीट धर्मगुरु होते. मराठी नांव त्यांच्या कानीं जसें पडलें तसें त्यांनीं आपल्या वळणानें रोमन अक्षरांत उतरविलें. १९१४ सालीं युद्ध सुरू झाल्यावर जर्मनांस प्रथम स्थानबद्ध करून पुढें परत धाडण्यांत आलें. नवे हात आले व नांवांचें लेखनहि पालटलें. म्हणून एकाच घराण्याचें नांव चार तऱ्हांनीं लिहिलेलें आढळल्यास चार घराणीं समजूं नयेत. नांव मोठ्यानें उच्चारून पाहावें. डोळ्यास जें भिन्न दिसतें तें पुष्कळदां कानास एकच लागतें.

येथें एक विनंति. ह्या वह्या सार्वजनिक वाचनाच्या नव्हेत. तीं कुटुंबांचीं गुपितें आहेत. धर्मगुरूंची परवानगी घेऊन, त्यांच्या समक्ष, केवळ आपल्या घराण्यापुरतें पाहावें. शेजाऱ्याच्या नोंदींत कांहीं खटकणारें दिसल्यास पान उलटावें व तोंड मिटावें. हात कोरडे असावे, शाईच्या ऐवजीं शिसपेन्सिल असावी, पान उलटण्यास बोटास थुंकी लावूं नये. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावणें म्हणजे त्याचें आयुष्य तोडणें होय.

आतां आपण गांवांत येऊं. मुंबईहून येणारा लोहमार्ग सोलापुरास १८६० सालीं पोंचला. १८७७ सालीं येथें कापडाची पहिली गिरणी सुरू झाली. तिला पुढें सर्वजण 'जुनी गिरणी' म्हणूं लागले. रेल्वे आणि गिरण्या ह्यांनीं ह्या शहरांत मराठी, कानडी, तेलुगु, तामीळ, गोमंतकीय अशा नाना प्रकारच्या लोकांस ओढून आणिलें. आपल्या बांकांवर रविवारीं जे शेजारीं शेजारीं बसतात, त्यांचे पूर्वज एका गाडीनें आलेले नाहींत. म्हणून शोधाचा मार्गहि प्रत्येकाचा निराळा.

शहरांत जन्ममृत्यूच्या नोंदी महानगरपालिकेकडे असतात. खेड्यांत कोतवालाची वही असे. गांव नमुना नंबर १४ तो हाच. ह्या जुन्या वह्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षांत ठेविलेल्या सांपडतात. १९६९ च्या कायद्यानें सर्व देशांत एकसारखी सक्तीची नोंद आली. त्यापूर्वीच्या नोंदींत खाडे असावयाचेच. विशेषतः १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १८९६ पासूनची प्लेगची सांथ, १८९९-१९०० चा दुष्काळ आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा, ह्या काळांत माणसें इतक्या वेगानें गेलीं कीं, लिहिणारा हातहि कित्येकदां त्यांच्याबरोबर गेला. नोंद नाहीं म्हणून मनुष्य नव्हता, असें होत नाहीं.

माझ्या धंद्यांतली गोष्ट सांगतों. शाळेचें दाखल-खारीज रजिस्टर हें अत्यंत मोलाचें साधन आहे. त्यांत मुलाचें पूर्ण नांव, जन्मतारीख, जन्मगांव, जात, पूर्वीची शाळा व शाळा सोडण्याचें कारण हीं असतात. मात्र तेथील जन्मतारखेवर डोळे मिटून विश्वास ठेवूं नये. ज्या बापास मुलाच्या जन्माची तारीख ठाऊक नसे, त्याच्या मुलास मास्तर एक जूनच्या सुमारास जन्माला घालीत, हें मी चाळीस वर्षें पाहात आलों!

ज्यांच्या पूर्वजांजवळ बिघाभर जमीन होती त्यांनीं सातबाऱ्यावर थांबूं नये. फेरफार, म्हणजे गांव नमुना नंबर ६, पाहावा. मालक वारल्यावर वारस कोण लागले, तें त्यांत नातें देऊन लिहिलेलें असतें. वारसांची वेगळी वही ६-क ह्या नमुन्याची. ज्या घराण्यांकडे महारकीचें वतन होतें, त्यांचीं नांवें वतनाच्या कागदांत वांट्यांसह सांपडतात; तीं वतनें १९५८ च्या कायद्यानें रद्द झालीं, पण कागद उरले. हें मी मुद्दाम सांगतों. आपणांपैकीं कित्येकांचे पूर्वज गांवकुसाबाहेरचे होते, आणि तें आपण मुलांस सांगत नाहीं. ज्यांनीं ती उपेक्षा सोसून आपल्या मुलांस शाळेची पायरी दाखविली त्यांची लाज वाटावी, कीं त्यांची आठवण मिरवावी, ह्याचा विचार प्रत्येकानें मनाशीं करावा.

जुने कागद मोडींत असतात. १९५० च्या सुमारास मोडी व्यवहारांतून गेली, आणि आपण आपल्याच आजोबांच्या हस्ताक्षराला परके झालों. ती लिपि शिकण्यास कांहीं महिने पुरतात. तिचे वर्ग पुण्यांत भरत आलेले आहेत. आपल्या तरुणांपैकीं दोघांनीं जरी ती शिकली, तरी साऱ्या धर्मग्रामाची सोय होईल.

वाचनालयाचा उपयोग केवळ वर्तमानपत्र चाळण्यापुरता नाहीं. आपल्या शहरांत हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था आहे. विद्यापीठाचें व महाविद्यालयांचीं ग्रंथालयें आहेत. ग्रंथपालास आपला प्रश्न स्पष्ट सांगावा: अमुक गांव, अमुक काळ, अमुक धंदा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड सोलापूर जिल्ह्याचा असून तो १८८४ सालीं छापला. त्यांत आपल्या आजोबांचें नांव मिळणार नाहीं. पण ते ज्या बाजारांत हिंडले तो बाजार, ज्या दुष्काळांतून वांचले तो दुष्काळ, आणि ते ज्या रस्त्यानें आले तो रस्ता मिळेल. नांव हा नुसता सांगाडा आहे. त्यावर मांस चढतें तें अशा ग्रंथांनीं. आपल्या समाजाचीं नियतकालिकेंहि विसरूं नयेत. 'निरोप्या' हें मासिक फादर हेन्री डोरिंग ह्यांनीं १९०३ सालीं काढिलें; मुंबईचें 'एक्झॅमिनर' १८५० पासूनचें; आणि आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंचा 'ज्ञानोदय' १८४२ सालीं नगरास निघाला. गांवोगांवच्या बातम्या, लग्नें, मृत्युलेख ह्यांचा त्यांत मोठा सांठा आहे.

ह्यानंतर दूरचीं दफ्तरें. पुण्याच्या पुराभिलेखागारांत पेशवे दफ्तराचे हजारों रुमाल आहेत. मुंबईचें दफ्तरखानें १८२१ सालीं स्थापन झालें व एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतींत आहे. ज्यांचीं घराणीं गोमंतकांतून आलीं, त्यांनीं पणजीस जावें. तेथील पुराभिलेखागाराचा उगम १५९५ सालीं झाला आणि दिओगु दु कोउतु हा त्याचा पहिला रक्षक होता. तेथें जुन्या धर्मग्रामांच्या कांहीं वह्याहि जतन केल्या आहेत. जे रेल्वेच्या वा पलटणीच्या नोकरींतील युरोपियन किंवा अँग्लो-इंडियन वंशाचे आहेत, त्यांच्या बाप्तिस्मा-विवाह-दफनांच्या नोंदींच्या नकला लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयांत इंडिया ऑफिसच्या कागदांत आहेत.

सोलापूरकरांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी: आपण सीमेवरचे लोक आहों. येथून थोडेसें पूर्वेस गेलें कीं १९४८ पर्यंत निजामाचें राज्य होतें व तेथील सरकारी भाषा उर्दू होती; धाराशिव वा कलबुर्गीकडील घराण्याचा कागद हैदराबादच्या दफ्तरांत असूं शकतो. अक्कलकोट हें १९४८ पर्यंत संस्थान होतें. विजापूर जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यांत होता. तेव्हां गांव आज कोणत्या जिल्ह्यांत आहे हें न पाहतां, पूर्वज जिवंत असतां तें कोणाच्या राज्यांत होतें, हें आधीं पाहावें.

आणि सर्वच दफ्तरें कागदाचीं नसतात. ह्या आपल्या भागांत हेळवी लोक बैलावर बसून गांवोगांव येतात व घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ म्हणून दाखवितात. आपले पूर्वज ख्रिस्ती होण्याच्या आधींचीं नांवें जर कोठें असतील, तर तीं अशा मुखांत. त्यांना दारावरून परत पाठवूं नये.

आतां माझ्या शोधाचें फळ सांगून संपवितों.

आमच्या घरांत असें सांगत कीं, पणजोबा रेल्वेच्या चांगल्या नोकरींत येथें बदलून आले. आजोबांच्या विवाहाच्या नोंदीवरून मी नगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील एका धर्मग्रामाचा पत्ता काढिला. तेथील धर्मगुरूंनीं कृपा करून १९०० सालची वही उघडली. पणजोबांची नोंद होती. वय अंदाजें आठ. मातापित्यांच्या जागीं एकच लॅटिन शब्द: अज्ञात. समासांत सोलापुरांतील विवाहाची टीप. म्हणजे ते दुष्काळांतील पोरके मूल होते. रेल्वेची नोकरी ही पुढें घरानेंच शिवलेली सुबक झूल होती.

मी वही मिटणार, तोंच खालच्या ओळीवर नजर गेली. त्याच दिवशीं बाप्तिस्मा झालेली एक मुलगी, वय अंदाजें चार, आणि पुढें लिहिलें होतें, "वरील मुलाची बहीण." मृत्यूच्या वहींत ती तीन आठवड्यांनीं पुन्हां भेटली. पणजोबांनीं ह्या बहिणीचें नांव उभ्या आयुष्यांत कोणापाशीं काढिलें नव्हतें. सव्वाशें वर्षें ती त्या एका ओळींत पडून होती, आणि तिची विचारपूस करणारें कोणी नव्हतें. आतां दर वर्षीं दोन नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनीं, आमच्या घरांत तिचें नांव घेतलें जातें. पुतणीच्या प्रश्नाचें उत्तर मला अजून मिळालेलें नाहीं; आमचें गांव कोणतें, तें मला ठाऊक नाहीं. पण आमच्या घरांतलें एक मूल हरवलें होतें, तें सांपडलें.

म्हणून ज्युबिलीच्या निमित्तानें माझी एवढीच सूचना आहे. प्रत्येक कुटुंबानें एक कागद घ्यावा. त्यावर आपल्या आठवणींतील सर्व पिढ्या, गांवें, धंदे व तारखा लिहाव्या. जें ठाऊक आहे तें ठाऊक म्हणून, आणि जें ऐकीव आहे तें ऐकीव म्हणून. ते कागद एका पेटींत घालून ती ख्रिस्तमंदिराच्या कचेरींत धर्मगुरूंच्या स्वाधीन करावी. खर्च कांहींच नाहीं. पुढची ज्युबिली येईल तेव्हां आपणांपैकीं बरेचजण दफनभूमींत असूं, पण कोणी मुलगी "आपण मूळचे कुठले?" असें विचारील, तेव्हां तिच्या काकास माझ्यासारखें खालीं पाहावें लागणार नाहीं.

आणि घरीं गेल्यावर, आज रात्रींच, माळ्यावरची पेटी उघडा.